देवमासे आणि वादक

देवमासा हा मासा नव्हे, सस्तन प्राणी. गाण्यासाठी सर्वांत प्रसिद्ध जात हंपबॅक; गातात ते नर. एक गाणे साधारण १० ते २० मिनिटांचे, पण तेच पुन्हा पुन्हा तासन्‌तास चालते.

- साधने : देवमाशांबरोबर वाजवताना वादक वाद्याचा सूर पाण्याखालच्या स्पीकरमधून सोडतात, देवमाशाचा आवाज हायड्रोफोनने (पाण्याखालच्या मायक्रोफोनने) टिपतात.
- ध्वनीचा वेग : समुद्रात सेकंदाला सुमारे १,५०० मीटर, हवेत सुमारे ३४०.
- १९७० : जीवशास्त्रज्ञ रॉजर पेन यांची हंपबॅकच्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध.
- १९८५ : रशियाच्या चुकोतका किनाऱ्याजवळ बेलुगा देवमासे बर्फात अडकले. सोव्हिएत बर्फफोड्या जहाज ‘मॉस्क्वा’ने वाट फोडली आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत वाजवत त्यांना खुल्या समुद्राकडे नेले.
- २००८ : क्लॅरिनेटवादक डेव्हिड रोथेनबर्ग यांचे ‘थाउजंड माइल साँग’ हे पुस्तक प्रकाशित. हवाईजवळ हंपबॅकबरोबर केलेल्या वादनाचे वर्णन त्यात आहे.