एक महिना गाड्या थांबवून बघू

११ डिसेंबर २०२१ रोजी पुणे महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर गाड्यांना बंद ठेवला आणि ‘पादचारी दिन’ पाळला. भर बाजारपेठेत म्हातारी माणसे, लेकरे रस्त्याच्या मधून चालली. पुढेही हा दिवस पाळला गेला. चांगलेच झाले, पण वर्षातल्या एका दिवसाने दमेकऱ्याचा खोकला काही थांबत नाही. शहरात सायकलमार्गही आखले. त्यांवर दुचाक्या चढतात, चारचाक्या उभ्या राहतात. गाड्यांना आवर नसेल तर नुसता पट्टा ओढून उपयोग नाही.

शेळगावच्या माणसांना हे कशाला, असे कुणी म्हणेल. आपल्या फाट्यावरून पालखी मार्ग जातो. रस्ता रुंद झाला तसा गाड्यांचा वेगही वाढला. हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, आणि कडेने आपल्या पोरी सायकलवर शाळेला. बीपी-शुगरच्या बायांना आम्ही रोज चालायला सांगतो. “चालू कुठून?” असे त्या विचारतात. खरेच आहे. मोठ्यांना आठवड्याला १५० मिनिटे आणि मुलांना रोज तासभर हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. माणसे आणि गाड्या एकत्र असतील तिथे वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर नको, हेही तीच सांगते. भीतीपोटी पोरीची सायकल बंद झाली की पाठोपाठ शाळाही सुटते, ते वेगळेच.

रस्त्यावरून चालण्याचा हक्क मागावा लागणे आपल्याला नवे नाही. १९२४ साली वायकोमला देवळाभोवतीच्या रस्त्यांसाठीच सत्याग्रह झाला होता.

वारीत याच रस्त्यावरची वाहने दुसरीकडे वळवतात, म्हणजे वळवता येतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११५ खाली लोकांच्या सुरक्षिततेसाठी वाहनांवर बंदी घालता येते. बंदी महिनाभराचीच असेल तर राजपत्रात छापावी लागत नाही, गावात नीट कळवले की पुरते. महामार्ग बंद करा असे आम्ही म्हणत नाही. ट्रॅक्टरवरही आपलीच पोरे आहेत. गावातल्या शाळेच्या रस्त्यावर, शाळा भरताना आणि सुटताना, जड वाहने तेवढी थांबवावीत. कडेला चुन्याची फक्की मारून, दगड लावून सायकलींना वाट द्यावी.

ग्रामसभेत ठराव मांडून तो जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवू. त्याआधी आठवडाभर शाळेच्या फाटकाशी उभे राहून किती मुले सायकलने येतात, किती मुली, ते वहीत लिहायचे आहे. बंदीच्या महिन्यात पुन्हा मोजू. या मोजणीला प्रत्येक गल्लीतून दोघी हव्यात.