प्रेम सांगायची दोन वाक्यं

प्रेमाची भाषा कोणती असा विषय निघाला की इटालियनचं नाव हमखास येतं. तिचा बहुतेक प्रत्येक शब्द स्वरावर संपतो, म्हणून ती कानाला गोड लागते आणि गाण्याला सोयीची पडते. पण आज मला तिच्या गोडव्याविषयी बोलायचं नाही. प्रेम सांगण्यासाठी त्या भाषेनं जी सोय करून ठेवली आहे, तिच्याविषयी बोलायचं आहे. त्या सोयीकडे पाहिलं की आपल्या सावदा-रावेरकडच्या घरांत काय बोललं जातं आणि काय बोलायचं राहून जातं, हे चटकन लक्षात येतं.

इंग्रजीत ‘आय लव्ह यू’ हे एकच वाक्य प्रेयसीला, आईला आणि मित्रालाही चालतं. इटालियन माणसाकडे मात्र दोन वाक्यं आहेत. पहिलं ‘ती आमो’. हे वजनदार वाक्य प्रियकर-प्रेयसीचं, नवरा-बायकोचं. ते सहसा दुसऱ्या कुणाला म्हणत नाहीत. दुसरं ‘ती व्होल्यो बेने’. शब्दशः अर्थ, ‘मी तुझं भलं इच्छितो’. हे आईला, बापाला, भावाला, मित्राला, लेकराला, सगळ्यांना म्हणता येतं. तिकडच्या तरुण पोरांनी मोबाइलवरच्या संदेशांत त्याची नुसती तीन आद्याक्षरंही करून टाकली.

हा भेद जुना आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा रोमन कवी कातुल्लुस यानं लॅटिनमध्ये हीच दोन क्रियापदं समोरासमोर ठेवली होती. प्रेयसीनं दगा दिल्यावर त्याला उमगलं, की तिची ओढ उलट वाढली आहे, पण तिचं भलं व्हावं ही इच्छा मात्र कमी झाली आहे. ओढ वेगळी आणि भलं चिंतणं वेगळं. कवितेत हे इतकं स्वच्छ सांगणारा तो माणूस आजही आपल्या ओळखीचा वाटतो.

आता गंमत बघा. आवडीनिवडीच्या बाबतीत इटालियन आणि मराठी यांचं व्याकरण सख्ख्या बहिणींसारखं वागतं. इंग्रजीत ‘मी’ कर्ता असतो, ‘मी तुला पसंत करतो’ अशा थाटात. आपण म्हणतो, ‘मला तू आवडतोस’. यात कर्ता ‘तू’. इटालियन माणूसही ‘मी प्याची’ म्हणतो. त्यातल्या ‘मी’चा अर्थ ‘मला’, आणि ‘प्याची’ म्हणजे ‘आवडतोस’. आठवण काढतानाही तो ‘मी मांकी’ म्हणतो, म्हणजे ‘मला तू उणा आहेस’. आपलं ‘मला तुझ्याबिगर करमत नाही’ याच जातीचं. प्रेम ही आपण करायची गोष्ट नसून आपल्याला होणारी गोष्ट आहे, असं या दोन्ही भाषांना वाटत असावं.

लाडाच्या हाका तर आणखी जवळच्या. इटालियन आई लेकराला ‘तेसोरो’ म्हणते, म्हणजे खजिना. आपली आई ‘सोन्या’ म्हणते. ती ‘कुच्चोलो’ म्हणते, म्हणजे जनावराचं पिल्लू. आपल्याकडेही ‘पिल्लू’ आहेच, आणि केळीच्या बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबाला आपला शेतकरी ‘पील’ म्हणतो. दक्षिण इटलीत तर आई लेकराशी बोलताना स्वतःचंच नातं त्याला बहाल करते, त्याला ‘मम्मा’ म्हणून गोंजारते. परक्याला हे विचित्र वाटेल. खान्देशातल्या माणसाला वाटणार नाही. आपल्याकडे आई चार वर्षांच्या लेकीला ‘ये माय, जेवून घे’ म्हणतेच की!

बोलीचं आणि प्रेमाचं हे नातं थोरामोठ्यांनीही ओळखलं होतं. तेराव्या शतकाच्या अखेरीस दान्तेनं ‘व्हिता नुओवा’ या पुस्तकात लिहून ठेवलं, की लोकभाषेत कविता करणारा पहिला कवी तिच्याकडे वळला, कारण त्याला आपले शब्द एका स्त्रीला कळायला हवे होते आणि तिला लॅटिन जड जात होतं. साधारण त्याच काळात आपल्याकडे महानुभाव पंथाच्या नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या केशोबासांना अडवलं. का? तर पंथातल्या साध्याभोळ्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील म्हणून. १२९० साली ज्ञानेश्वरी झाली तीही लोकांच्याच भाषेत. आणि अक्षरओळख नसलेल्या आपल्या असोद्याच्या बहिणाबाईंनी शेतात, घरात काम करताना जे रचलं, ते १९५२ साली पुस्तक होऊन आलं तेव्हा खान्देशच्या घरातली बोली साऱ्या महाराष्ट्रानं ऐकली. जिव्हाळा सांगायला आपल्या बोलीत शब्द कमी आहेत, असं निदान आपण तरी म्हणू नये.

मग अडतं कुठे? माझ्या मते दिशेत अडतं. ‘तुझं भलं होवो’ हे वाक्य आपल्याकडेही आहे, पण ते वरून खाली येतं. वडीलधाऱ्यानं धाकट्याला म्हणायचं. शेजारच्या लेवा पाटलाच्या घरात आजी ‘सुखी राहा’ म्हणते, आमच्या घरात दादी डोक्यावरून हात फिरवून ‘जीते रहो, सलामत रहो’ म्हणते. धाकट्यानं मात्र वाकायचं, नाहीतर सलाम करायचा. बोलायचं काहीच नाही. मुलगा आईबापासाठी दुआ मागतो, पण ती अल्लाहपाशी. शेजारचा मुलगा नवस बोलतो, तो देवापाशी. ज्यांच्यासाठी मागितलं, त्या दोघांच्या कानावर त्यातलं अक्षरही पडत नाही. इटलीतला चाळीस वर्षांचा मुलगा सत्तरीच्या बापाला ‘ती व्होल्यो बेने’ म्हणतो आणि बाप तेच वाक्य त्याला परत देतो. वाक्य एकच, वर जातं, खालीही येतं.

तुम्ही म्हणाल, आपलं प्रेम बोलण्यात नाही, करण्यात असतं. खरं आहे. केळीला पाणी देऊन रात्री उशिरा घरी आलेला बाप पुण्याला शिकणाऱ्या पोराला फोन करतो आणि विचारतो, ‘जेवला का?’ पोरगा म्हणतो, ‘हो.’ ‘पैसे आहेत ना?’ ‘आहेत.’ ‘बरं, ठेवतो.’ या चार शब्दांत बापाचा सगळा जीव असतो, आणि पोराला तो कळतोही. पण पोराकडून बापाकडे काय गेलं? दोन होकार. बाप ते उशाशी घेऊन झोपतो. पुढे कधीतरी बाप राहत नाही, आणि माणसं जमलेल्या ओट्यावर तोच मुलगा बापाविषयी चांगलं चांगलं बोलतो. ते ऐकायला ज्याचा हक्क पहिला, तोच तिथे नसतो.

काहींनी यावर उपाय म्हणून इंग्रजी वाक्य उचललं आहे. फोन ठेवताना ‘लव्ह यू पप्पा’ म्हणतात. म्हणोत बापडे, काहीच न बोलण्यापेक्षा ते बरं. पण परक्या भाषेतला शब्द जिभेला हलका लागतो, म्हणूनच तो सहज निघतो. घरच्या भाषेतलं वाक्य जड वाटतं, कारण ते आतून येतं.

आणि तसं वाक्य आपल्याकडे आहे. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे नव्हे. ते नाटक-सिनेमातलं वाटतं, आणि बापाला म्हटलं तर तो घाबरून तब्येत विचारेल. आपलं वाक्य साधं आहे: ‘तुमच्यावर माझा फार जीव आहे.’ आजीला, बापाला, भावाला, मित्राला, बायकोला, कुणालाही ते चालतं. त्याला वय नाही, धर्म नाही, आणि वरून खालीच जावं असा दंडकही नाही. इटालियन माणसाच्या ‘ती व्होल्यो बेने’ला तोडीस तोड वाक्य खान्देशच्या प्रत्येक घरात पडून आहे.

आज रविवार आहे. गावाकडे फोन होईलच. जेवणाची, पावसाची, केळीच्या भावाची चौकशी झाली की ठेवण्याआधी एवढं एक वाक्य बोलून बघा. पलीकडून लगेच उत्तर येणार नाही. घाई करू नका, फोन धरून ठेवा.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)