थरमधले डेरे आणि त्यांचे देव

थरच्या वाळवंटात मुक्काम ठोकणारे दोन प्रकारचे लोक आढळतात. दिवाळीनंतर जैसलमेरजवळच्या सम आणि खुरी इथल्या वाळूच्या टेकड्यांवर पर्यटकांचे तंबू उभे राहतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला उठतात. त्यांना पाणी टँकरने येते, वीज जनरेटरची असते. दुसरे म्हणजे राईका. रेबारी या नावानेही ओळखले जाणारे हे मेंढपाळ आणि उंटपाळ पिढ्यान्‌पिढ्या उघड्यावर बिऱ्हाड मांडत आले आहेत. वाळवंटात कसे राहायचे हे समजून घ्यायचे तर त्यांच्या डेऱ्याकडेच पाहायला हवे.

मारवाडातले अनेक राईका दिवाळीनंतर मेंढ्यांचे कळप घेऊन हरियाणा, मध्य प्रदेशाच्या दिशेने निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परततात. अनेक कुटुंबे एकत्र चालतात. या फिरत्या तांड्याला डांग म्हणतात. वाट कुठली धरायची, मुक्काम कुठे करायचा, शेतकऱ्यांशी आणि सरकारी माणसांशी कोणी बोलायचे हे नंबरदार, म्हणजे तांड्याचा म्होरक्या, ठरवतो. उंटाच्या पाठीवर उलटी बांधलेली खाट असते. तिच्यात भांडी, गोधड्या, नुकतीच जन्मलेली कोकरे आणि कधी लहान मूलही बसते. मुक्कामाला खाट सुलटी झाली की घर मांडले जाते. रात्री कळप ज्याच्या शेतात बसतो तो शेतकरी लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे देतो. महाराष्ट्रात धनगर शेतात मेंढ्या बसवतात तोच हा व्यवहार.

मुक्कामाची जागा निवडणे हे अनुभवाचे काम आहे. जैसलमेरच्या बाजूला वर्षाकाठी जेमतेम दीडशे ते दोनशे मिलिमीटर पाऊस पडतो. हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसभर तापलेली वाळू सूर्य मावळताच उष्णता झपाट्याने बाहेर टाकते. १९ मे २०१६ रोजी फलोदीत ५१ अंश तापमान नोंदले गेले. याच प्रदेशात हिवाळ्यातल्या काही रात्री पारा शून्याजवळ उतरतो. थंड हवा जड असल्याने ती दोन टेकड्यांमधल्या खोलगट जागेत साचते. म्हणून जाणता माणूस अगदी तळाशी झोपत नाही आणि वाऱ्याच्या तोंडी माथ्यावरही नाही; टेकडीच्या आडोशाला, थोडे वर पथारी टाकतो. झुडपांच्या बुंध्याशी उंदरांची बिळे असतात आणि बिळांमागोमाग साप येतात, तीही जागा टाळली जाते.

पीवणा नावाचा साप झोपलेल्या माणसाचा श्वास पिऊन टाकतो, अशी समजूत पश्चिम राजस्थानात खोल रुजली आहे. तिच्यामागे खरा साप आहे, तो मण्यार. मण्यार रात्री हिंडतो, त्याचा दंश पुष्कळदा दुखत नाही आणि खूणही धड दिसत नाही. विषाने मात्र श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. सकाळी माणूस श्वास कोंडून मेलेला सापडतो, मग लोकांनी कारण श्वासातच शोधले यात नवल नाही. या समजुतीच्या धास्तीने लोक जमिनीवर न झोपता खाटेवर झोपत असतील, तर तो तिचा मोठा उपकार. पण समजुतीपायी दवाखान्याऐवजी मांत्रिक गाठला गेला तर जीव जातो. कोकणात सर्वांना माहीत असलेले फुरसेही इथे आहे. सकाळी वाळूवर त्याच्या तिरप्या सरपटण्याच्या समांतर रेघा दिसतात, त्यांच्या शेजारी काळ्या भुंगेऱ्यांची नक्षी आणि खोकडाची पावले. रात्रभर काय घडले ते माग काढणारा पगी या खुणांवरून सांगू शकतो. वाळवंटाला ओसाड म्हणणाऱ्याने एकदा तरी ही पहाटेची वाळू पाहायला हवी.

पाण्याची गोष्ट सर्वांत विलक्षण. थरमध्ये भूजल बहुतेक ठिकाणी खोल आणि खारे असते. पण काही पट्ट्यांत वाळूच्या खाली जिप्समचा किंवा खडूसारख्या मातीचा थर असतो. पावसाचे पाणी वाळूत मुरून या थरावर अडते आणि खालच्या खाऱ्या पाण्यात मिसळत नाही. ते ओलाव्याच्या रूपात वाळूच्या कणांत महिनोन्‌महिने टिकते. तिथे बेरी किंवा कुई, म्हणजे माणूस जेमतेम उतरेल इतकी अरुंद विहीर खणतात. भोवतालचा ओलावा पाझरून तळाशी गोडे पाणी जमते. तोंड अरुंद असल्याने बाष्पीभवन कमी होते आणि थोडेसे पाणीही पोहरा बुडेल इतके खोल राहते. अनुपम मिश्र यांनी ‘राजस्थान की रजत बूंदें’ या १९९५ च्या पुस्तकात ही विद्या तपशिलाने नोंदवली आहे. इतक्या कष्टाने मिळालेले पाणी भांडी घासण्यात जात नाही. ती कोरड्या वाळूनेच लख्ख होतात.

जेवणही याच बेताचे. वाऱ्याला आडोसा करून वाळूत चर खणला की चूल झाली. बाजरीची भाकरी, निखाऱ्यात भाजलेली बाटी, ताकात बाजरीचे पीठ आंबवून शिजवलेली राबडी आणि केर-सांगरीची भाजी. केर हे झुडपाचे फळ, सांगरी ही खेजडीची शेंग; दोन्ही वाळवून वर्षभर पुरवतात. खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पूजतो ती शमी. तिचा पाला जनावरांना जातो, मुळे जमिनीत नत्र साठवतात आणि तिच्या सावलीत बाजरी चांगली येते.

अशा झाडाभोवती श्रद्धा गोळा होणे साहजिक होते. १४८५ मध्ये जांभोजींनी २९ नियमांचा बिष्णोई पंथ स्थापला. हिरवे झाड न तोडणे हा त्यांतला एक. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात राजाची माणसे खेजडी तोडायला आली, तेव्हा अमृतादेवींसह ३६३ बिष्णोईंनी झाडांना मिठ्या मारून प्राण दिले. बिष्णोई मृतदेह दहन न करता पुरतात, कारण चितेला लाकूड लागते.

राईकांचा देव मात्र त्यांच्यासारखाच फिरतो. पाबूजी हे चौदाव्या शतकातले राठोड वीर. पुतणीच्या लग्नात दिलेला शब्द पाळण्यासाठी त्यांनी लंकेहून सांडण्या आणल्या आणि मारवाडात उंट आला, असे त्यांची गाथा सांगते. ही गाथा १५ फुटांच्या आसपास लांबीच्या फडावर, म्हणजे कापडी पटावर रंगवलेली असते. अंधार पडल्यावर भोपा, म्हणजे पाबूजींचा पुजारी-गायक, फड उभा करतो आणि रावणहत्था या तंतुवाद्यावर रात्रभर गातो. त्याची बायको, भोपी, गाण्यातल्या प्रसंगाच्या चित्राजवळ दिवा धरते. उंट आजारी पडले की राईका भोप्याकडून फड गाऊन घेतात. सतत चालणाऱ्या माणसांसाठी गुंडाळून खांद्यावर टाकता येणारे देऊळ, याहून नेमकी गोष्ट सुचणे कठीण. जीर्ण झालेला फड पुष्करच्या तलावात विधिपूर्वक विसर्जित करतात.

उंटच आता कमी होत चालला आहे. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे अडीच लाख उंट उरले होते. २०१२ च्या तुलनेत ही घट ३७ टक्के आहे. ट्रॅक्टर आणि रस्ते आले, चराईची जमीन आक्रसली. राजस्थानने २०१५ च्या कायद्याने उंटांची कत्तल आणि राज्याबाहेर विक्री यांवर बंधने घातली. हेतू चांगला असला तरी गिऱ्हाईक तुटल्याने पाळणाऱ्यांचे उत्पन्नच आटले.

डेऱ्यांचा उरलेला आधार म्हणजे ओरण. देवाच्या नावाने राखलेल्या या माळांवर कुऱ्हाड चालत नाही, चराई मात्र चालते. महाराष्ट्रातल्या देवरायांचे हे वाळवंटी भाऊबंद. जैसलमेर जिल्ह्यातल्या देगराय ओरणात सोलापूरच्या नान्नजमुळे आपल्याला ठाऊक असलेला माळढोक दिसतो. मात्र सौर आणि पवन प्रकल्पांच्या वीजवाहिन्या इथवर पोचल्या आहेत आणि त्यांना धडकून हा जड पक्षी मरतो. १८ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातल्या अशा देवरायांचे मोजमाप करून त्यांना वनाचा दर्जा देण्याचे निर्देश दिले. प्रकल्पांपासून जमीन वाचण्याची आशा त्यामुळे वाढली. पण वन म्हटल्यावर शतकानुशतके चाललेली चराई आणि सांगरी गोळा करण्याची मुभा राहील का, ही पशुपालकांची चिंता खरी आहे, आणि ओरण राखणारी माणसे तीच आहेत.