रांग पेट्रोलची, कसोटी शेजारधर्माची

नवीन वर्षाचा दुसरा दिवस होता. २ जानेवारी २०२४, मंगळवार. कार्यालय सुटल्यावर जयसिंगपूरहून शिरोळकडे निघालो, तर वाटेतल्या पंपावर ही गर्दी! दुचाक्यांची रांग पार रस्त्यावर आलेली. कोणाच्या हातात पाण्याची रिकामी बाटली, कोणाच्या हातात तेलाचा डबा. एक गृहस्थ तर बायको-पोरांसह तीन गाड्या घेऊन रांगेत उभे होते. चौकशी केली, तेव्हा जो तो एकच सांगत होता, "टँकरवाल्यांचा संप आहे. उद्यापासून थेंब मिळणार नाही!"

माझ्या मोटारसायकलच्या टाकीत निम्मे पेट्रोल होते. घर ते कार्यालय एवढाच माझा प्रवास. तेवढ्यात माझा आठवडा आरामात निघाला असता. तरीही मी गाडी वळवली आणि रांगेत लावली. दीड तास उभा राहिलो. एरवी शंभराचे टाकणारा मी, त्या दिवशी पाचशेचे टाकले. घरी येऊन मोठ्या फुशारकीने सांगितले की आता चार-आठ दिवस काळजी नाही.

काळजी होती, पण ती माझ्या घरात नव्हती, शेजारी होती. ती दुसऱ्या दिवशी पहाटे दारात आली.

पहाटेची हाक

आमच्या गल्लीतील एका भावाला आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागे. नेहमीचा रिक्षावाला ठरलेला. पण तो बिचारा आदल्या दिवशी रात्रीपर्यंत भाड्यावर होता. ज्या वेळी आम्ही रांगेत उभे होतो, त्या वेळी तो शौर्यदिनाहून परतलेल्या माणसांना त्यांच्या घरी पोहोचवत होता. १ जानेवारीला भीमा कोरेगावला गेलेली आपली माणसे मिळेल त्या गाडीने दुसऱ्या दिवशी उशिरापर्यंत येतच होती. तो पंपावर पोहोचला, तेव्हा तिथे पाटी लागलेली होती, 'पेट्रोल शिल्लक नाही'.

पहाटे साडेपाचला त्या भावाची बायको दारात उभी. "दादा, कुठं दोन-तीन लिटर मिळंल का? आज नेलं नाही तर ह्यांना दम लागतोय."

रिक्षा आमच्या दारापुढच्या मोकळ्या जागेत आणली. आजूबाजूच्यांना बिड्या विझवायला सांगितल्या. माझ्या गाडीची नळी सोडवून पत्र्याच्या डब्यात तीन लिटर काढले आणि लगेच रिक्षात ओतले. रिक्षा गेली. भाऊ वेळेवर पोहोचला आणि दुपारी सुखरूप परत आला.

मी समाधानाने चहाला बसलो. मनात आपण मोठे पुण्याचे काम केल्याची भावना होती. तेव्हा आमच्या मंडळी म्हणाल्या, "अहो, काल तुम्ही रांगेत नसता, तर हेच पेट्रोल त्याच्या रिक्षात गेलं नसतं का? आणि ज्यांच्या शेजारी तुमच्यासारखा कोणी नाही, त्यांनी काय करायचं?"

मला उत्तर देता आले नाही. हा लेख त्या प्रश्नातून लिहिला आहे.

संप कशाचा होता?

प्रथम वस्तुस्थिती पाहू. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने भारतीय न्याय संहिता मंजूर केली. तिच्या कलम १०६ (२) मध्ये अशी तरतूद आहे की, बेदरकारपणे अथवा निष्काळजीपणे गाडी चालवून एखाद्याचा जीव गेला आणि चालक पोलिसांना वा दंडाधिकाऱ्यांना न कळवता पळून गेला, तर त्याला दहा वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४-अ मध्ये ही शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. 'सात लाख रुपये दंड' ही गोष्ट त्या वेळी तोंडोतोंडी पसरली होती. कलमात असा कोणताही आकडा नाही.

चालकांचे म्हणणे असे की, अपघातानंतर थांबले तर जमाव जीव घेतो, पळाले तर कायदा दहा वर्षे आत टाकतो. मग करायचे काय? ट्रकवर, टँकरवर राबणारी मुले आपल्याच घरांतली असतात. त्यांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. १ जानेवारीपासून देशभर चालकांनी स्टेअरिंग सोडले. आपल्या राज्यात मनमाडजवळच्या पानेवाडी येथील तेल कंपन्यांच्या डेपोंमधून टँकर निघेनासे झाले आणि नागपूरपासून मुंबईपर्यंत पंपांवर झुंबड उडाली.

पण २ जानेवारीच्या रात्रीच दिल्लीत केंद्रीय गृहसचिव आणि ऑल इंडिया मोटर ट्रान्सपोर्ट काँग्रेस यांची बैठक झाली. हे कलम लागू करण्यापूर्वी वाहतूकदारांशी चर्चा करू, असे सरकारने सांगितले आणि चालकांना कामावर परतण्याचे आवाहन झाले. पुढे १ जुलै २०२४ पासून नवी संहिता लागू झाली, तेव्हाही हे १०६ (२) कलम बाजूला ठेवण्यात आले.

म्हणजे ज्या रात्री आम्ही 'उद्यापासून थेंब नाही' म्हणून रांगेत उभे होतो, त्याच रात्री तोडगा निघाला होता. मग दुसऱ्या दिवशी पंप कोरडे का होते?

बेरीज-वजाबाकी

मी वाणिज्य शाखेचा माणूस. कागद घेतला आणि हिशेब मांडला. समजा, एखाद्या गावात दोन हजार दुचाक्या आहेत. प्रत्येकीला रोज अर्धा लिटर लागते. म्हणजे गावाची रोजची गरज एक हजार लिटर. पंपावर बारा हजार लिटरचा एक टँकर रिकामा झाला, तर दुचाक्यांचे बारा दिवस निघतात. दोन दिवस टँकर आला नाही, तर कोणाला पत्ताही लागणार नाही.

आता समजा, अफवा उठली आणि त्या दोन हजार जणांनी एकाच दिवशी चार-चार लिटर भरले. आठ हजार लिटर एका दिवसात गेले. आठ दिवसांची विक्री एका संध्याकाळी झाली! वास्तविक गावातले पेट्रोल जळलेले नाही. ते जमिनीखालच्या टाकीतून निघून आमच्या गाड्यांच्या टाक्यांत जाऊन बसले. पण पंपावर पाटी लागली आणि पाटी पाहून उरलेले लोकही धावले. टंचाई येणार या भीतीनेच टंचाई आली.

यात नुकसान कोणाचे होते? पाचशेचे टाकणाऱ्याचे होत नाही. जो रोजच्या कमाईतून पन्नास रुपयांचे टाकतो, तो साठा कशाच्या जोरावर करणार? भाजीची पाटी घेऊन पहाटे बाजाराला जाणारा, बांधकामावर जाणारा गवंडी, रिक्षावाला, वस्तीवर फिरणारी आशाताई, यांना आजचे पेट्रोल आजच लागते. त्यात आपल्या तालुक्यात जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम. ट्रॅक्टरचे डिझेल अडले तर तोडणी मजुराचा खाडा पडतो. रांग सगळ्यांची दिसते, पण भुर्दंड खालच्या माणसाला बसतो.

जगभर हेच

हा आपल्याच लोकांचा दोष आहे असे समजू नका. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा आखडला, तेव्हा अमेरिकेत पंपांवर मैलमैल रांगा लागल्या. जपानमध्ये तर ओसाकाजवळ लोक शौचालयात वापरायच्या कागदासाठी दुकानांवर तुटून पडले. तेल महागणार, म्हणून कागद संपणार, अशी अफवा होती. कारखान्यांत कागद तयार होतच होता.

सप्टेंबर २०२१ मध्ये इंग्लंडात टँकरचालक कमी पडले. काही पंप बंद ठेवावे लागतील एवढी बातमी आली आणि दोन-चार दिवसांत हजारो पंप कोरडे झाले. डेपोत तेल होते, सरकार तसे ओरडून सांगत होते, कोणी ऐकले नाही. शेवटी ऑक्टोबरात लष्कराच्या जवानांना टँकर चालवायला बसवावे लागले. शिकलेला, श्रीमंत देश असला तरी भीती सारखीच.

आपल्याकडे २ जानेवारीला चंदीगडच्या प्रशासनाने मात्र एक शहाणपणाचे काम केले. दुचाकीला दोन लिटर किंवा दोनशे रुपये, चारचाकीला पाच लिटर किंवा पाचशे रुपये, अशी मर्यादा घातली. थोडे-थोडे सगळ्यांना, हा त्यामागचा हेतू होता.

महापुराने शिकवलेले

खरी टंचाई कशी असते, हे शिरोळकरांना कोणी सांगायला नको. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३ फूट! नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम, त्यामुळे आपला तालुका दोन्हीकडून वेढला गेला. पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन जवळजवळ आठवडाभर बंद राहिला. टँकर येणार कुठून? जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. त्या वेळी प्रशासनाने अत्यावश्यक सेवेच्या वाहनांसाठीच इंधन राखून ठेवले होते आणि ते योग्यच होते. बोटीचे इंजिन, रुग्णवाहिका, दुधाची व पाण्याची गाडी यांना आधी मिळायला हवे, हे त्या दिवसांत कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

पुराच्या पाण्यात भाकरी वाटून खाणारे आम्हीच, आणि संपाच्या अफवेने तीन-तीन गाड्या रांगेत लावणारेही आम्हीच. पुरात शेजारी डोळ्यांपुढे दिसत होता. रांगेत फक्त पुढच्याची पाठ दिसते.

घराघरांत पाळण्याजोग्या गोष्टी

१) शांत दिवसांत टाकी अगदी कोरडी होऊ देऊ नका. पाव टाकी राहिली की नेहमीचे शंभर-पन्नासचे टाका. मग अफवेच्या दिवशी धावावे लागत नाही.

२) रांग दिसली तर स्वतःला विचारा, 'उद्याच्या कामाला मला पुरेल का?' पुरत असेल तर सरळ घरी या. एस.टी. आहे, सायकल आहे, एकाच गाडीवर दोघे जाता येते.

३) बाटलीत, कॅनमध्ये पेट्रोल आणून घरात ठेवू नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती जमिनीलगत पसरत जाते. दोन खोल्यांच्या घरात चूल, गॅस, मेणबत्ती सगळे हाताच्या अंतरावर असते. प्लॅस्टिकच्या डब्यात तर स्थिर विजेची ठिणगीही पुरते. माता-भगिनींनी या बाबतीत घरातील पुरुषांचे काही एक ऐकू नये. विनापरवाना साठ्यावर १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने मर्यादा घातलेली आहे. साठा करून चढ्या भावाने विकणे हा तर जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली गुन्हा आहे. बाटलीतले पेट्रोल दुप्पट भावाने विकणारा आपला मित्र नव्हे.

४) गर्दीतही मीटरचे शून्य पाहा. मापाबद्दल शंका आली तर पंपावरच्या पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून दाखवा, असे सांगण्याचा ग्राहकाला हक्क आहे. घाईत हेच विसरले जाते.

५) मोबाईलवर आलेला निरोप पुढे पाठवण्यापूर्वी तहसील कार्यालयाच्या पुरवठा विभागात एकदा विचारा. खोटी बातमी पुढे ढकलणारा माणूस न मागता रांग वाढवतो.

६) आजारी माणसासाठी १०८ आणि गरोदर मातेसाठी १०२ हे क्रमांक घरातील लहान-थोर सर्वांना पाठ असावेत.

गल्लीची वही

त्या आठवड्यात रविवारी आम्ही विहारात जमलो. मी माझी पाचशेची गोष्ट सर्वांपुढे सांगितली. काही जण हसले, काही जण मान खाली घालून बसले. कारण त्या रांगेत मी एकटा नव्हतो.

तेव्हापासून आमच्या गल्लीत शंभर पानी एक वही आहे. कोणाच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे, कोणाची मुलगी बाळंतपणाला आली आहे, कोण रिक्षा चालवतो, कोणाच्या पोटाला रोज गाडी लागते, अशी नावे तिच्यात लिहिली आहेत. शेवटच्या पानावर, कोणाची गाडी अडल्या वेळी मागता येईल त्यांची नावे. पहिले नाव आमच्या मंडळींनी माझेच लिहिले, मला न विचारता!

वहीला खर्च वीस-पंचवीस रुपयांचा. दर सहा महिन्यांनी नावे तपासतो. काही नवी येतात. मिरजेला जाणाऱ्या आमच्या त्या भावाचे नाव आता वहीत नाही. पुढच्याच वर्षी तो आजाराने गेला. त्याची बायको मात्र दर बैठकीला येते आणि कोणाच्या घरी कोण आजारी आहे, हे आधी तीच सांगते.

आपल्या गावात, आपल्या वाड्यात अशी एक वही करायला काय हरकत आहे? पुढची अफवा कधी उठेल हे सांगता येत नाही. ती उठण्याआधी नावे लिहून झालेली असावीत.