चेंडू दिसला, तोवर स्टंप उडाले होते!

समजा, तुम्ही लातूर जिल्ह्यातल्या मुरुडला घरी बसून मोबाइलवर क्रिकेट खेळताय आणि पलीकडून गोलंदाजी करतोय पुण्याचा मामेभाऊ. शेवटचं षटक, हव्यात चार धावा. चेंडू आला, तुम्ही बरोब्बर बोट टेकवलं, आणि पडद्यावर काय? तुम्ही त्रिफळाचीत! बॅट फिरली ती स्टंप उडाल्यावर. तेवढ्यात आतून ताईचा आवाज, "अरे, माझा सिनेमा पाव तासात उतरला की!"

आता सांगा, अख्खा सिनेमा पाव तासात आणणारं नेट, मग एका चेंडूची बातमी आणायला त्याला उशीर का व्हावा?

लातूर जिल्ह्यातल्या मुलांना हे कोडं सोडवायला एक आगगाडी मदत करेल. घरातल्या मोठ्यांना 'जलदूत'बद्दल विचारा. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळ इतका तीव्र होता की लातूर शहराला प्यायचं पाणी रेल्वेने आणावं लागलं, तेही ३४२ किलोमीटरवरच्या मिरजेहून. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या, प्रत्येकीत सुमारे ५० हजार लिटर पाणी. ११ एप्रिलला निघालेली ती गाडी १२ तारखेला पहाटे लातूरला लागली. पुढे ५० वाघिणींची गाडी आली, एका खेपेत २५ लाख लिटर! पण वाघिणी पाचपट झाल्या म्हणून पहिला थेंब पाचपट लवकर पोचला का? छे! एका खेपेला किती पाणी येतं हे वेगळं आणि पहिला थेंब यायला किती वेळ लागतो हे वेगळं.

नेटचंही तसंच. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत लिहिलेले 'एमबीपीएस' म्हणजे एका सेकंदात किती माल येतो ते. निरोप जाऊन उत्तर यायला जो वेळ लागतो, ती लेटन्सी. खेळणारी पोरं तिलाच 'पिंग' म्हणतात आणि ती मोजतात मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागात.

लुडो खेळताना फासा क्षणभर उशिरा पडला तरी चालतं. पण ताशी १४० किलोमीटर वेगाचा खराखुरा चेंडू फलंदाजापर्यंत जेमतेम अर्ध्या सेकंदात, म्हणजे ५०० मिलिसेकंदांत पोचतो. खेळातला चेंडूही तसाच पळत असेल, तर पाव सेकंदाचा उशीर म्हणजे अर्धी खेळपट्टी गेलीच की!

हा उशीर अंतरामुळे होतो का? थोडासा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. खेळाचा सर्व्हर मुंबईत असेल तर मुरुडहून जाऊन-येऊन साधारण १००० किलोमीटर, म्हणजे अवघे ५ मिलिसेकंद. सर्व्हर सिंगापूरला असेल तर हाच हिशेब ४० च्या आसपास जातो. वाटेतली यंत्रं आणि मोबाइलचा टॉवर आपापली भर घालतात ती वेगळीच. तरीही यातून पाव सेकंद होत नाही.

खरी गुन्हेगार आहे रांग, आणि ती डोळ्यांना दिसत नाही म्हणून मला तिचं फार कुतूहल वाटतं. नेटवरून कुठलीही गोष्ट सलग येत नाही. तिची पॅकेटं होतात. मोठं पॅकेट सुमारे १५०० बाइटचं. एक जीबीच्या सिनेमाची जवळजवळ सात लाख पॅकेटं! घरचं नेट १० एमबीपीएसचं असेल, तर असं एक पॅकेट आत यायला १.२ मिलिसेकंद लागतात. ताईच्या सिनेमाची २०० पॅकेटं रांगेत उभी आहेत आणि त्यांच्या मागे तुमच्या चेंडूची बातमी, बिचारी शंभर-दीडशे बाइटची. करा गुणाकार. २४० मिलिसेकंद! तुम्हाला चेंडू बॅटपाशी आलेला दिसला, तोवर सर्व्हरच्या हिशेबात तो स्टंपांत शिरला होता. उलट दिशेलाही हेच होतं. बाबांच्या मोबाइलमधले फोटो आपोआप वर चढत असतील, तर तुमचा फटका त्या फोटोंच्या मागे ताटकळतो.

अमेरिकेतल्या जिम गेटिस या संगणकतज्ज्ञालाही २०१० मध्ये हेच दिसलं. घरून मोठी फाइल पाठवायला घेतली की बाकीचं नेट रखडायचं. कारण काय, तर पॅकेटं हरवू नयेत म्हणून यंत्रांमध्ये भल्यामोठ्या रांगांची सोय करून ठेवली होती. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी त्यावर सुरेख तोडगा मांडला. रांग किती लांब आहे ते बघू नका, पॅकेट किती वेळ उभं राहिलं ते बघा. सतत ५ मिलिसेकंदांहून जास्त थांबावं लागत असेल, तर एखादं पॅकेट मुद्दाम गाळा. ते पोचलं नाही हे कळताच पाठवणारा आपला वेग कमी करतो. गाळलेलं पॅकेट तो पुन्हा पाठवतो, त्यामुळे सिनेमातलं काही हरवत नाही. पुढे यात प्रत्येकाची वेगळी रांग करून आळीपाळीने सोडायची युक्तीही जोडली गेली. काही राउटरांमध्ये आज ही सोय असते.

"खेळाला पुढे सोडलं तर माझं डाउनलोड रखडेल," असं ताई म्हणेल. तिला हिशेब दाखवा. सेकंदाला दीडशे बाइटची तीस पॅकेटं धरली, तरी १० एमबीपीएसमधला अर्धा टक्काही खेळ घेत नाही. आणि राउटरमध्ये सोय नसली तरी डाउनलोडला मर्यादा घालता येते. दहापैकी आठच एमबीपीएस त्याला दिले, तर रांग सहसा साचतच नाही. अ‍ॅपचे अपडेट तर रात्री खेळ मिटल्यावर खुशाल होऊ द्यावेत.

येत्या रविवारी करून बघा. बऱ्याच खेळांत पडद्याच्या कोपऱ्यात पिंगचा आकडा दिसतो. घरात दुसरं काही चालू नसताना तो वहीत लिहा, मग ताईला डाउनलोड सुरू करायला सांगून पुन्हा लिहा. शेवटी डाउनलोडला मर्यादा घालून तिसरा आकडा घ्या, आणि तिन्ही आकडे पुण्याच्या मामेभावाला जरूर कळवा.