कॉलेजची विद्यार्थी परिषद आणि आपली मुले



या पानावर आम्ही दरवेळी लागण, खोडवा, पाचट आणि खतांचे हप्ते याबद्दल लिहितो. या खेपेस विषय थोडा वेगळा आहे, पण तोही आपल्याच घरातला आहे.

लागणीच्या नोंदी तपासत आम्ही एका गटात फिरत होतो. बांधावर एका जुन्या सभासदाने आम्हास थांबवले. म्हणाले, "साहेब, ऊस ऱ्हाऊ द्या बाजूला. पोरगी कॉलेजात वर्गप्रतिनिधी झालीया. आता पुढारपण करत बसणार आन् अभ्यास बुडवणार. नाव काढून घ्यायला सांगू का?"

आम्ही म्हणालो, "आबा, घाई करू नका. जरा बसा, सांगतो."

आबांना जे सांगितले तेच इथे लिहितो.

आबांची भीती खोटी नाही. एके काळी महाराष्ट्रातल्या कॉलेजांत निवडणुका फार चुरशीने होत. त्यातून मारामाऱ्या होऊ लागल्या. १९८९ साली मुंबईत अशा वैरातून एका विद्यार्थी कार्यकर्त्याचा खून झाला. पुढे थेट निवडणुका बंद झाल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणांवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. वर्गात ज्याचे मार्क जास्त, तो वर्गाचा प्रतिनिधी.

भांडणे थांबली हे खरे, पण दुसरी अडचण उभी राहिली. आम्ही कृषी पदविकेला असताना आमच्याही वर्गात पहिल्या नंबराचा मुलगाच प्रतिनिधी असे. मुलगा गुणी, पण अबोल. वसतिगृहाला उन्हाळ्यात दोन-दोन दिवस पाणी येत नसे. आम्ही सर्वांनी त्याला पुढे केले. तो साहेबांच्या दारापर्यंत गेला आणि तसाच परत आला. दोष त्याचा नव्हता. त्याला आम्ही निवडलेच नव्हते, तेव्हा आमच्या वतीने बोलायचे बळ त्याने आणायचे कुठून?

आपल्या कारखान्याचेच उदाहरण घ्या. एकरी सर्वांत जास्त टनेज काढणाऱ्या सभासदाचा आपण वार्षिक सभेत सत्कार करतो, पण म्हणून त्याला आपोआप संचालक करत नाही. ऊस पिकवणे हे एक काम आणि दहा जणांचे गाऱ्हाणे नीट मांडणे हे दुसरे. ज्याचा ऊस दहा गुंठे त्यालाही एकच मत आणि ज्याचा दहा एकर त्यालाही एकच, हे सहकाराचे सूत्र आहे. विद्यार्थी परिषदेचेही सूत्र तेच.

हे ध्यानात घेऊन २०१६ साली महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा झाला व तो १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्यात पुन्हा निवडणुकीची तरतूद आली. कॉलेजच्या परिषदेत अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि मागास प्रवर्गाचा एक प्रतिनिधी, शिवाय वर्गावर्गाचे प्रतिनिधी असतात. त्याच्या वर विद्यापीठाची परिषद. विद्यापीठ परिषदेच्या अध्यक्षाला आणि सचिवाला अधिसभेत जागा मिळते. म्हणजे विद्यापीठाच्या कारभाराची चर्चा जिथे चालते तिथे शेतकऱ्याचे पोरही बसू शकते. २०१९ साली निवडणुका व्हायच्या होत्या, पण विधानसभेच्या निवडणुकीमुळे त्या लांबल्या आणि लगेच २०२० साली कोरोना आला. कायद्यातली तरतूद आणि प्रत्यक्ष मतपेटी यांत असे अंतर पडत गेले.

मग गुंडगिरीचे काय? त्यासाठी माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीने नियम सुचवले आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते लागू केले. आपण सर्वांनी ते माहीत करून घ्यावेत असे आहेत :

१) उमेदवाराने ५,००० रुपयांपेक्षा जास्त खर्च करायचा नाही. निकालानंतर दोन आठवड्यांत हिशेब द्यायचा.

२) छापील पोस्टर चालत नाही, हाताने केलेलेच चालते.

३) वर्गातली हजेरी किमान ७५ टक्के हवी.

४) पदवीच्या विद्यार्थ्याचे वय १७ ते २२ हवे. पदाधिकारी होण्यासाठी एकदाच उभे राहता येते.

५) पैसा बाहेरून आणायचा नाही. विद्यार्थ्यांनी स्वखुशीने दिला तेवढाच वापरायचा.

हे वाचून काही सभासद गालात हसतील. आपल्या सोसायटीच्या निवडणुकीत एका रात्रीच्या जेवणावळीला किती लागतात हे सर्वांना ठाऊक आहे. पोरांना लावलेला नियम थोरांनीही कधीमधी आठवावा, एवढेच आम्ही म्हणतो.

तेव्हा मुलगा वा मुलगी परिषदेत जायचे म्हणत असेल तर लगेच अडवू नका. आधी तीन गोष्टी विचारा. हजेरी पुरी आहे काय? खर्च कोण करतो? आणि निवडून येऊन कोणते काम करणार? पहिली दोन उत्तरे सरळ नसतील तर खुशाल कान धरा. एखादा पुढारी गाडी आणि पेट्रोल पुरवत असेल तर समजा, पोरगे उभे नाही, त्याला उभे केले आहे. तिसऱ्याचे उत्तर मात्र नेमके मिळाले तर पाठीवर हात ठेवा.

आबांची मुलगी तोवर चहा घेऊन बांधावर आली होती. आम्ही तिलाच तिसरा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "साहेब, आमचं प्रॅक्टिकल पाचला सुटतं आणि गावाकडची शेवटची गाडी पावणेपाचला जाते. सहा गावांच्या मुलींना रोज अर्धं प्रॅक्टिकल सोडावं लागतं. अर्ज लिहिलाय. सह्या गोळा करतेय."

आबा काही वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, "किती झाल्या सह्या?"

"चाळीस."

"तालुक्याला माझी ओळख हाय. सांगू का कुणाला?"

"नको आबा. आधी आमचं आम्ही जाऊन बघतो."

आबांनी आमच्याकडे पाहिले आणि नाव काढण्याचा विषय पुन्हा काढला नाही.

उद्या हीच मुले आपल्या कारखान्याची सभासद होणार, वार्षिक सभेत उभी राहून ताळेबंदावर प्रश्न विचारणार. ती सवय आज कॉलेजात लागत असेल तर ते पुढच्या हंगामाचे चांगले बेणे समजावे. बेणे निवडताना आपण घाई करत नाही, इथेही करू नये.

पुढील अंकी : खोडव्यातील पाचट व्यवस्थापन.

— ऊस विकास अधिकारी