सोरायसिस आणि पेशींचे निरोप

एसटीत वाहक असलेले एक गृहस्थ गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आले. उकाडा असूनही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत ओढलेल्या. त्या वर केल्यावर कोपरांवर आणि हातांच्या पाठीवर लालसर चट्टे दिसले, त्यांवर अभ्रकासारखे पांढरे पापुद्रे. अकरा वर्षांचा जुना सोरायसिस. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, प्रवासी माझ्या हातातून सुटे पैसे घेत नाहीत, सीटवर ठेवा म्हणतात. मार्गशीर्षात मुलीचं लग्न आहे. मागं एकानं गोळ्या दिल्या होत्या, आठ दिवसांत सगळं साफ झालं होतं. तेवढ्याच लिहून द्या."

त्या गोळ्या स्टिरॉइडच्या असणार हे मी ओळखले आणि नाही म्हणालो. १९९८ साली, प्रॅक्टिस नवी असताना, मी स्वतःच एका शिक्षकांना सोरायसिससाठी अशा गोळ्या दिल्या होत्या. आठवड्यात अंग स्वच्छ झाले. ते खूश, मीही खूश. गोळ्या थांबवल्यावर पंधरवड्याच्या आत सर्वांग लाल झाले, त्यावर पूचे बारीक फोड आले, थंडी भरून ताप चढला. जिल्ह्याच्या रुग्णालयात तीन आठवडे काढून ते वाचले. मला कधी एक शब्दही बोलले नाहीत, पण ती चूक माझी होती.

आधी एक गोष्ट ठळक सांगतो. सोरायसिस हा स्पर्शाने, कपड्याने, पैशाने, एकत्र जेवल्याने कोणालाही लागत नाही.

आपल्या कातडीच्या तळाशी तयार झालेली पेशी वर येऊन गळून पडायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हाच प्रवास चार-पाच दिवसांत उरकतो. कच्च्या पेशींचा थर साचतो, तेच हे पापुद्रे. फार वर्षे डॉक्टरांची समजूत होती की दोष कातडीच्या पेशींचाच आहे. १९७९ मध्ये सांध्यांच्या विकारासाठी सायक्लोस्पोरिन हे औषध देऊन पाहत असताना एक अनपेक्षित गोष्ट घडली. ज्यांना सोरायसिसही होता त्यांचे चट्टे कमी झाले. हे औषध रक्तातील 'टी' जातीच्या पांढऱ्या पेशींना आवरते. म्हणजे कातडीला घाई करायला लावणारे दुसरेच कोणी होते.

पेशी एकमेकींशी बोलतात ते सूक्ष्म प्रथिने सोडून. त्यांना आपण निरोप म्हणू. कातडीतल्या पहारेकरी पेशी 'इंटरल्यूकिन-२३' नावाचा निरोप सोडतात. त्याने टी-पेशी चेततात आणि 'इंटरल्यूकिन-१७' हा पुढचा निरोप धाडतात. तो मिळताच कातडीच्या पेशी भराभर वाढतात आणि उलट आणखी पांढऱ्या पेशींना बोलावणे पाठवतात. असे हे चक्र फिरत राहते. 'टीएनएफ' नावाचा तिसरा निरोप त्यात तेल ओततो. यातले काही निरोप पेशीच्या दाराशी आले की आतले शिपाई ते केंद्रकापर्यंत पोचवतात. या शिपायांच्या एका घराण्याला 'जॅक' म्हणतात. रोमन लोकांच्या दोन तोंडांच्या देवावरून ठेवलेले नाव आहे.

स्टिरॉइड एकाच वेळी अनेक निरोप दाबते, जंतूंशी लढायला लागणारे सुद्धा. म्हणून गुण झटपट येतो, आणि औषध अचानक काढले की सगळे एकदम उसळते. नवी औषधे नेमका एखादाच निरोप अडवतात. सेक्युकिनुमॅब हे इंजेक्शन इंटरल्यूकिन-१७ ला वाटेतच धरते. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत बारा आठवड्यांनी शंभरातील ७७ रुग्णांचा आजार तीन चतुर्थांश किंवा त्याहून अधिक कमी झाला. टीएनएफ अडवणाऱ्या जुन्या इंजेक्शनने ४४ जणांचा, तर नुसत्या खोट्या इंजेक्शनने पाच जणांचा. आपल्याकडे बंगळुरूच्या बायोकॉन कंपनीने २०१३ मध्ये इटोलिझुमॅब आणले. ते टी-पेशींच्या अंगावरील एका खुणेला चिकटून त्यांना शांत करते. गोळ्यांमध्ये अप्रेमिलास्ट आहे. ते पेशीच्या आत शिरून दाहाचे निरोप निघण्याचे प्रमाणच घटवते. त्याचा जोर मात्र बेताचा. एका चाचणीत सोळा आठवड्यांनी शंभरातील ३३ जणांना वरच्याइतका गुण आला. जॅक घराण्यातल्या एकाच शिपायाला थोपवणारी ड्यूक्रॅव्हासिटिनिब ही गोळी अमेरिकेत २०२२ साली मान्य झाली.

मग सरळ इंजेक्शन का देऊ नये? एक कारण किंमत. दुसरे क्षयरोग. टीएनएफ हाच निरोप क्षयाच्या निद्रिस्त जंतूंना कोंडून ठेवायला मदत करतो. तो अडवणारे एक औषध वापरलेल्यांमध्ये क्षय उफाळल्याच्या ७० घटना २००१ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी नोंदवल्या. आपल्या देशात असे जंतू छातीत घेऊन हिंडणारे कितीतरी आहेत. म्हणून अशा इंजेक्शनांआधी छातीचा फोटो आणि क्षयाची चाचणी होतेच. कोणी त्याशिवाय सुई टोचत असेल तर उठून घरी यावे.

जुनी मेथोट्रेक्सेटची गोळी अजूनही उत्तम काम करते आणि स्वस्त आहे. पण ती आठवड्यातून ठरलेल्या एकाच दिवशी घ्यायची असते. चुकून रोज घेतलेल्यांच्या जिवावर बेतते. घरात गोळ्या काढून देणाऱ्यालाही हे ठाऊक हवे. दारू वर्ज्य, आणि मूल हवे असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणून महिनोन् महिने चोळणे हाही स्टिरॉइडचाच प्रकार असतो. सकाळी बोटे आखडत असतील किंवा नखांवर खड्डे पडले असतील तर सांध्यांची तपासणी लांबवू नये.

आमच्या वाहकांना मी त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवले. वडिलांना क्षय झाला होता हे त्यांनी तिथे प्रथमच सांगितले. मी विचारायला हवे होते. हातावरची क्षयाची चाचणी चांगलीच फुगली, छातीचा फोटो स्वच्छ निघाला. यकृताच्या तपासणीत थोडा दोष होता, म्हणून मेथोट्रेक्सेट टळली. अप्रेमिलास्ट आणि लावायचे मलम सुरू झाले. पहिले दहा दिवस मळमळ आणि जुलाब. ते चिडून दवाखान्यात आले, "सोडू का गोळी?" धीर धरा म्हणालो. त्रास कमी होत गेला.

लग्नाला मी गेलो होतो. कोपरांवरचे चट्टे होते, हातांवरचे बरेच फिकट झाले होते. बाह्या मनगटापर्यंतच होत्या, पण दाराशी उभे राहून अक्षता तेच वाटत होते. मला बाजूला घेऊन त्यांनी विचारले की इंजेक्शन घ्यायचेच ठरले तर क्षय टाळायच्या गोळ्या आधी किती दिवस घ्याव्या लागतील. मांडवात एवढे बोलणे शक्य नव्हते. सोमवारी सकाळी दवाखान्यात या म्हणालो.